चुळबुळ

बाळ बघायचं ते आवाज बंद करून, हा आमच्या कामाचा पहिला नियम. बाळाचं हुंकारणं, मागून येणारं आईचं लाडाचं बोलणं, यातलं काही कानावर पडलं की डोळे पक्षपात करायला लागतात. दुसरा नियम, हात बघू नका, पाय बघू नका. अख्खं बाळ एकदम बघा, वाहतं पाणी बघावं तसं. आणि तिसरा, आपल्या घरचं बाळ बघायचं नाही. डॉक्टर आपल्या माणसावर ऑपरेशन करत नाहीत, तसंच हे.

तिसरा नियम मी फार मनापासून पाळला. माझ्या भाच्याची, श्रेणिकची, लेक रेवा आमच्याच घरात, माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे वाढत होती आणि मी तिला फक्त आजीच्या डोळ्यांनी बघत होते.

मिरजेच्या आमच्या केंद्रात तेव्हा दोनच निरीक्षक उरलो होतो. मी आणि नसीम मुजावर. एके काळी आम्ही चौदा जणी होतो. मग 'साक्षी' आली.

साक्षी म्हणजे यंत्र. पाळण्यावर फोन टांगायचा, बाळाला उताणं ठेवायचं, अंगावर फक्त लंगोट, तीन मिनिटं कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. साक्षी ते चित्रण बघते आणि रंग सांगते. हिरवा म्हणजे काळजी नाही. पिवळा म्हणजे शंका. लाल म्हणजे ताबडतोब केंद्रात या.

ती काय बघते, ते सांगते. तीन ते पाच महिन्यांचं निरोगी बाळ जागं असलं आणि त्याच्याशी कुणी खेळत नसलं, तरी त्याचं अंग स्वस्थ नसतं. मान, खांदे, कंबर, मनगटं, घोटे यांत बारीक बारीक गोलसर हालचाली चाललेल्या असतात. कुठल्याही दिशेला वळणाऱ्या, न थांबणाऱ्या. शास्त्रात त्यांना परदेशी नाव आहे. आम्ही त्याला 'चुळबुळ' म्हणतो. ही चुळबुळ बाळाला कुणी शिकवत नाही. ती सरळ मेंदूतून उमटते, म्हणून तिच्यावरून मेंदूची तब्येत कळते. ज्याच्यात ती दिसतच नाही, त्या लेकराला पुढे चालताना, बसताना, हाताने घास घेताना अडचण येईल ही भीती मोठी असते. पाचव्या महिन्यानंतर ती सगळ्याच बाळांमधून मावळते. बघायला मिळतात ते एवढेच आठवडे. आणि व्यायाम, उपचार जितके या कोवळ्या दिवसांत सुरू होतील, तितका मेंदू ऐकतो. पुढे तो हट्टी होत जातो.

साक्षीला हे सगळं आम्ही शिकवलं होतं. यंत्राला स्वतःची नजर नसते. आमच्या हजारो निकालांवरून ती शिकली. हिरवी बाळं ती परस्पर घरी पाठवायची, पिवळी आणि लाल आमच्याकडे यायची. आम्ही त्यांवर जो निकाल देऊ तो वाचून दर आठवड्याला ती स्वतःला आणखी सुधारून घ्यायची. भिंतीवरच्या पडद्यावर आमची आणि तिची सहमती झळकायची. गेल्या दोन वर्षांत तो आकडा वर वर चढत शंभराच्या उंबरठ्याशी आला होता.

"त्रिशलाताई, एवढं तर माझं आणि मियाँचं निकाह कबूल करतानाही जमलं नव्हतं," नसीम म्हणायची.

आम्ही हसायचो. चहाच्या वेळी मी पाणी प्यायचे, कारण रोज पहाटे बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेताना मी एक छोटा नियम घ्यायचे आणि महिन्यातले निम्मे दिवस त्यात चहाच सुटायचा. कधी गोड नाही, कधी दुपारपर्यंत मौन. सूर्यास्ताआधी जेवण, हे तर लहानपणापासूनचं. "तुमचं ताट सूर्य वाढतो आणि रमजानात माझं चंद्र," नसीम म्हणायची. "आपल्या दोघींना साक्षी लागतेच कुणाची तरी."

*

रेवाचा रंग हिरवा आला, त्या दिवशी घरात शिरा झाला.

रेवा वेळेआधी जन्मली होती. काचेच्या पेटीत राहून आली होती. अशा बाळाचं वय जन्मदिवसापासून धरत नाहीत. ज्या दिवशी यायला हवं होतं त्या दिवसापासून धरतात. त्या हिशेबाने ती आता तीन महिन्यांची झाली होती. तिची आई ऋजुता, माझ्या भाच्याची बायको, त्या निकालाची वाट बघत रोज थोडी थोडी झिजत होती. फोनवर हिरवं वर्तुळ उमटलं आणि ती स्वयंपाकघरात खाली बसून रडली.

"अगं रडतीयास काय," माझी वैनी, म्हणजे रेवाची आजी, तिला म्हणाली. "मी तर पहिल्या दिवसापासनं सांगतीया. एवढी शांत पोर आमच्या अख्ख्या घराण्यात झाली न्हाई. आंघोळीला पायावर घेतली की कशी गपगुमान पडतीया. श्रेणिकला न्हाऊ घालायचं म्हंजे दोन बायका लागायच्या. ही? अजिबात चुळबुळ न्हाई!"

मी शिऱ्याची वाटी हातात घेऊन उभी होते. माझ्या मनाने तो शब्द ऐकला. नक्की ऐकला. पण घरातला 'चुळबुळ' आणि कामावरचा 'चुळबुळ' हे माझ्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होते. घरात चुळबुळ करणारं पोर वाईट, न करणारं गुणी. शिवाय रंग हिरवा होता. शिवाय घरचं बाळ बघायचं नाही. मी शिरा खाल्ला.

*

महावीर जयंतीला मी दर वर्षी पहाटेच दर्शन घेऊन निघते. गर्दी मला सोसत नाही. या वर्षी रेवाची पहिली जयंती, म्हणून थांबले.

बस्तीच्या मांडवात वर्धमानाचा पाळणा फुलांनी सजवला होता. बायका दोरी ओढून पाळणा हलवत होत्या, गाणी म्हणत होत्या. मला बघून मगदूमांच्या काकू ओरडल्या, "आली बघा आली! त्रिशलादेवी आली! अगं आज तुझ्याच लेकराचा पाळणा की, आणि तूच मागं उभी?"

सगळ्या हसल्या. महावीरांच्या आईचं नाव माझं. मी लग्न केलं नाही. ही थट्टा मी दर जयंतीला ऐकत आलेय, म्हणूनही पहाटे जाते.

"ओढ की दोरी," काकूंनी दोरी माझ्या हातात दिली. मी पाळणा हलवला.

चैत्राचा उकाडा होता. मांडवाच्या सावलीच्या कडेला एक मोठी सतरंजी अंथरून आयांनी आपापली तान्ही पोरं त्यावर ठेवली होती, अंगातली झबली काढून, नुसत्या लंगोटांवर. आया पाळण्याच्या गाण्यात रंगल्या होत्या. पोरांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. उताणी, जागी, कुणी खेळवत नाही. आम्ही चित्रणासाठी सांगतो अगदी तशी.

माझ्या कानात टाळ्यांचा, गाण्याचा गलका होता. तरी कसं कोण जाणे, तो सगळा आवाज बंद झाला.

ती बाळं वाहत होती. दुसरा शब्द मला सुचत नाही. मनगटं फिरत होती, घोटे वळत होते, माना बारीक हेलकावे घेत होत्या, पोटं कलत होती; एकेका अंगातून दुसऱ्या अंगात काहीतरी सतत सरकत होतं, उकळी यायच्या आधी पाण्याच्या तळाशी जी हालचाल सुरू होते तसं. ओळीतलं एकही बाळ थांबलेलं नव्हतं. चुळबुळ, चुळबुळ, चुळबुळ.

मला वाटलं, एवढी? एवढी असते?

आणि मग ध्यानात आलं, की दोन वर्षांत मी सरळ साधं निरोगी बाळ बघितलंच नव्हतं. तशी बाळं साक्षी परस्पर घरी पाठवत होती. माझ्या समोर रोज येत होती ती शंकेची बाळं. रोज अशीच बघता बघता, त्यातलं जरा बरं दिसलं की मी म्हणत होते, हे ठीक आहे. जरा मनगट हललं की ठीक. ठीक म्हणजे काय, याची माझी रेघ रोज केसभर खाली सरकत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

ओळीच्या टोकाला रेवा होती.

तिचे डोळे उघडे होते. ती मांडवाच्या पताकांकडे बघत होती. मध्येच तिने दोन्ही पाय एकदम उचलले आणि एकदम टाकले. मग काही नाही. मग पुन्हा दोन्ही पाय. मधल्या वेळात ती फार शांत होती. पाटावर ठेवलेल्या मूर्तीसारखी.

माझ्या हातातली पाळण्याची दोरी कधी सुटली ते मला कळलं नाही. "त्रिशले, झोपलीस काय!" काकू म्हणाल्या आणि दोरी त्यांनी धरली.

*

दुसऱ्या दिवशी नसीमने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, घरचं बाळ आहे. भीतीने पण नजर हलते."

"म्हणूनच तुझ्याकडे आले. रेवाला बाजूला ठेव. मूळ संच काढ."

मूळ संच म्हणजे ज्या चित्रणांवर आम्ही हे काम शिकलो ती. चेहरे झाकलेली, जुनी. त्यातली बाळं आता शाळेत जाण्याएवढी झाली आहेत आणि प्रत्येकाचं पुढे काय झालं ते पक्कं ठाऊक आहे. पूर्वी आम्ही दर सोमवारी त्यातली काही बघून नजर सरळ करून घ्यायचो. सहमतीचा आकडा चढला तसं वरून आलं, की आता याची गरज नाही, वेळ वाया जातो.

संगणकाने चित्रणं उलटीपालटी केली. मी आणि नसीम एकमेकींकडे पाठ करून बसलो. साक्षीलाही तीच दिली. आवाज बंद होता. खोलीत पंख्याचा तेवढा होता. कालच सतरंजीवरची पोरं बघून आलेली असूनही माझा हात सवयीने 'ठीक'वर जात होता. एकेकदा मी तो मागे घेतला, एकेकदा नाही. ते मला जाणवत होतं आणि त्याचीच मला भीती वाटत होती.

निकाल पडद्यावर आले तेव्हा आधी सहमती आली. नसीमची आणि साक्षीची जवळजवळ पूर्ण. माझी थोडी कमी. मग खाली दुसरी ओळ आली: खरं काय झालं, त्याच्याशी ताडून.

नसीमने ओढणी तोंडाला लावली. ज्या बाळांना पुढे पाय उचलता आले नाहीत, त्यांतल्या कितीतरी जणांना तिने 'ठीक' म्हटलं होतं. साक्षीने त्याच बाळांना ठीक म्हटलं होतं. मीही, पुष्कळांना. एकाच जागी, एकाच चुकीवर, तिघींचं एकमत.

तंबोरे बनवणाऱ्या मिरजेतल्या माणसाला हे समजायला जड नाही. गाणारा तंबोरा ऐकून सूर लावतो आणि तंबोरा लावणारा गाणाऱ्याचा गळा ऐकून. दोघं मिळून हळूहळू खाली उतरत जातात. कुणालाच बेसूर वाटत नाही, कारण दोघं एकमेकांशी तंतोतंत जुळलेले असतात. आम्ही साक्षीला शिकवत होतो आणि साक्षी कोणती बाळं आम्हाला दाखवायची ते ठरवून आम्हाला शिकवत होती. वर टांगलेला तो आकडा आमच्या जुळण्याचा होता. खरेपणाचा नव्हताच.

"या अल्लाह," नसीम हळूच म्हणाली. "दोन वर्षांतले हिरवे, ताई."

*

केंद्राचे प्रमुख डॉक्टर शिरगावकर वाईट माणूस नव्हेत. केंद्र उभं करताना त्यांनी स्वतः खुर्च्या उचललेल्या मी बघितल्यात. त्यांनी आमचे निकाल दोनदा वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्रिशलाबाई, आधी घरचं बघू. रेवाला मी उद्याच उपचारांना पाठवतो. माझ्या शब्दावर. रंग-बिंग बाजूला ठेवा."

मला एकदम इतकं हलकं वाटलं, की उठून त्यांच्या पाया पडावं.

"आणि बाकीची?" मी विचारलं.

"बाकीचं सावकाश. वर्षअखेरीस आढावा आहेच. तेव्हा यंत्र पुन्हा शिकवून घेऊ."

"वर्षअखेरीला आत्ताची बाळं चालायच्या वयाची होतील, सर."

"बहुतेक चालतीलच की!"

"बहुतेक," मी म्हटलं.

ते उठून खिडकीशी गेले. "चार जिल्हे आहेत, बाई. हिरवं मिळालेल्या प्रत्येक आईला काय कळवू? की आमचा शब्द मागं घेतो? त्यातल्या शंभरातल्या सत्त्याण्णव जणींची बाळं धडधाकट असतील. त्यांची झोप उडवायची? कशावरून, तर बस्तीतल्या सतरंजीवरून? आणि तुम्ही लेखी दिलंत, की माझी नजर सरकली, तर नियमाप्रमाणे तुमचं प्रमाणपत्र त्याच दिवशी थांबतं. नसीमचंही. मग नवी नजर शिकवायला माझ्याकडे आहे कोण?"

ते खोटं बोलत नव्हते.

"विचार करा," ते म्हणाले. "रेवाची काळजी करू नका. ते मी बघतो."

बाहेर बाकावर बसले. मी त्या क्षणी एकट्या रेवापुरता डॉक्टरांचा शब्द पदरात घेऊन मागच्या दाराने निघून जाऊ शकत होते. कुणाला कळलंही नसतं. सत्याचं व्रत मी फार लहानपणी घेतलं, तेव्हा वाटायचं, खोटं बोलायचं नाही एवढंच ते. गप्प बसणं त्यात येतं की नाही, हे मी तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं.

सतरंजीवरची ती ओळ मला दिसत होती. पण आता दुसऱ्याच बाळांची. जी त्या दिवशी तिथे नव्हती, दोन वर्षांत मी 'ठीक' म्हणून घरी पाठवलेली. त्यांच्या आज्या त्यांना काय म्हणत असतील? गुणी. शांत.

मी आत जाऊन लेखी दिलं. नसीमने माझ्या खाली सही केली. सही करताना म्हणाली, "मियाँ विचारतील, नोकरी का गेली. सांगेन, फार एकमत झालं म्हणून."

*

घरी पोचले तेव्हा ऊन भिंतीवर तिरपं झालं होतं. वैनीने माझं ताट वाढून ठेवलं होतं. तिचं माझं कितीही वाजलं तरी सूर्यास्ताआधी माझं ताट तयार असतं.

त्या सकाळी बस्तीत मी नियम घेतला होता: आज माझ्या बोलण्याने कुणाच्या मनाला लागणार नाही.

"ऋजुता," मी म्हटलं, "रेवाला घेऊन बस जरा."

मी शक्य तितकं सोपं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिचा हात रेवाच्या पायावर होता आणि तो हात हळूहळू घट्ट होत गेला.

"पण हिरवं आलं होतं, आत्या."

"तो हिरवा माझ्यामुळे आला. मी चुकत गेले, यंत्र माझ्याकडून चुकायला शिकलं."

"मग आता बरोबर बघताय कशावरून? तेव्हा पण तुम्हाला बरोबरच वाटत असेल ना?"

हाच प्रश्न मी दिवसभर स्वतःला विचारत होते. "म्हणूनच बाहेरच्या निरीक्षकांना दाखवू," मी म्हटलं. "तिघींना. ज्यांनी साक्षी कधी बघितलेली नाही."

वैनी दारात उभी होती. तिच्या हातातला डाव तसाच.

"त्रिशला," ती म्हणाली, "तुला पोर न्हाई. न्हाई त्याचं मी कधी बोलले न्हाई. पण चांगल्या पोरीला नजर लावू नगंस."

"वैनी..."

"नजरच न्हवं का तुझा धंदा? लोकांच्या पोरांस्नी नजर लावायची आणि पगार घ्यायचा. एवढी शांत, एवढी गुणी पोर. त्यातबी खोट?"

"आई, थांबा हो," ऋजुता म्हणाली, पण तिने माझ्याकडे बघितलं नाही. रेवाला उचलून ती आत गेली. वैनीने मीठ-मोहऱ्या घेतल्या आणि माझ्यासमोरून जाऊन पोरीची दृष्ट काढली. मोहऱ्या चुलीवरच्या तव्यात तडतडल्या. ऊन भिंतीवरून उतरून गेलं. मी ताट झाकून ठेवलं.

*

बाहेरच्या तिघींचे निकाल आठवड्याने आले. दोघींनी लिहिलं होतं, चुळबुळ दिसत नाही. तिसरीने लिहिलं होतं, अंधुक, पण आहे.

"दोन विरुद्ध एक," ऋजुता कागद हातात घेऊन म्हणाली. "ही काय निवडणूक आहे, आत्या? माझ्या पोरीचे पाय मतांवर ठरणार का?"

ती माझ्याशी त्या आठवड्यात पहिल्यांदा बोलत होती. मी तिला खोटा धीर दिला नाही. माणसाच्या नजरेचं हे असंच आहे, मी म्हटलं. शिकलेल्या, ताज्या, निःपक्षपाती नजरासुद्धा काठावरच्या बाळाबाबत फुटतात. सरळ दिसतं ते सगळ्यांना दिसतं. जिथे आपल्याला सगळ्यात जास्त खात्री हवी असते, तिथेच ती मिळत नाही. म्हणून शंकेवरच उपचार सुरू करायचे. व्यायामाने निरोगी बाळाचं काही बिघडत नाही.

"आणि पुढे ती नीट चालली, तर?"

"तर सगळे म्हणतील, आत्यानं उगीच घाबरवलं."

"आणि नाही चालली तर?"

ऋजुताने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"कितीला जायचं उद्या?" तिने विचारलं.

केंद्राचं दार तोवर माझ्यासाठी बंद झालं होतं. साक्षी चारही जिल्ह्यांत थांबवली. आयांना पुन्हा बोलावणं गेलं. पाच महिने न भरलेल्या बाळांची नव्याने चित्रणं, मोठ्यांची डॉक्टरी तपासणी. केंद्रासमोर भर उन्हात रांगा लागल्या. वर्तमानपत्रांत आमच्यावर नाही नाही ते छापून आलं. रस्त्यात एका अनोळखी बाईने मला थांबवून विचारलं, "तुम्हीच ना त्या? माझं बाळ ठीक आहे म्हणणाऱ्या?" आणि उत्तराची वाट न बघता निघून गेली. तिच्या कडेवरचं पोर मान टाकून झोपलं होतं. झोपलेल्या बाळावरून काही सांगता येत नाही. तरी घरी येईपर्यंत माझ्या डोळ्यांसमोर तीच मान होती.

मी आता रोज एकच नियम घेते. दर्शन झालं की दवाखान्याच्या लसीकरणाच्या ओसरीवर जाऊन बसते आणि सरळ साधी बाळं बघते. निकाल देत नाही. तो अधिकार गेला. फक्त डोळे धुऊन घेते. तिथल्या परिचारिकेला वाटतं, म्हातारीला नातवंडांची हौस आहे.

*

रेवाला पाच महिने पूर्ण व्हायला आले होते. चुळबुळ दिसायचीच असेल तर आता, नाही तर तो प्रश्नच संपणार होता. पुढचं उत्तर तिचे पाय देतील तेव्हा.

त्या सकाळी मी ओसरीवरून परतले, तर मागच्या अंगणात ऋजुताने सतरंजी अंथरली होती. तिने शेजारच्या चौगुल्यांचं त्याच वयाचं बाळ मागून आणलं होतं आणि रेवाच्या शेजारी उताणं ठेवलं होतं. मी तिला तुलनेचं कधी काही सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ओळखलं होतं. ती एका बाजूला गुडघे मिठीत घेऊन बसली होती.

वैनी न्हाणीघरातून हात पुसत आली. त्या मोहऱ्यांच्या दिवसापासून ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलत होती. पण व्यायामाला रेवाला रोज तीच नेत होती, हेही मला ठाऊक होतं.

"कालपासनं आंघोळीला धड पायावर ठरंना झालीया," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तेलाचा हात निसटतोय. कुठं मनगाटच वळवतीया, कुठं घोटाच. लई..."

ती थांबली. तो शब्द तिने आयुष्यभर पोरांना रागावायला वापरला होता.

"लई चुळबुळ करायला लागलीया," वैनी म्हणाली आणि तिचा आवाज चिरकला. "त्रिशला, बघ की गं. ही तीच न्हवं?"

मी सतरंजीच्या कडेला बसले. चौगुल्यांचं पोर वाहत होतं. आधी त्याला बघितलं, डोळे भरेपर्यंत. मग रेवाकडे वळले. तिचं डावं मनगट वळत होतं. मान किंचित हलली, थांबली. घोटा. पुन्हा मनगट. मनगटातून घोट्यात काहीतरी सरकत होतं. सरकत होतं असं मला वाटत होतं. मला ते बघायचं होतं, किती बघायचं होतं, आणि म्हणूनच मला त्याचा भरवसा नव्हता.

ऋजुता श्वास रोखून माझ्या तोंडाकडे बघत होती.

"मला दिसतंय," मी म्हटलं. "पण माझ्या एकटीच्या नजरेवर जाऊ नका. घरच्या बाळाला मी परकी होऊन बघू शकत नाही. चित्रण करून तिघींना पाठवू. वैनी, तुम्ही बसा इथं. तुम्हाला काय दिसतंय ते सांगा. हात बघायचा नाही, पाय बघायचा नाही. अख्खी रेवा बघा."

वैनी गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली. शेजारच्या घरातून कुणीतरी तिला हाक मारली, रेडिओवर गाणं लागलं होतं, चौगुल्यांचं पोर हुंकारलं. वैनीने ओठांवर बोट ठेवून आम्हा सगळ्यांना गप्प केलं आणि नातीकडे बघत राहिली.